रॅम घेण्याआधी बोर्ड पाहा : जुन्या कॉम्प्युटरचा वेग वाढवताना पैसा कुठं वाया जातो

खैरलांजी (जि. बालाघाट) : धानाच्या पंजीयनाचे दिवस आले की सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ऑनलाइन केंद्रांवर गर्दी होते. खैरलांजी, वारासिवनीकडं एमपी ऑनलाइनचं केंद्र, तर तुमसर, तिरोडाकडं आपले सरकार सेवा केंद्र. इकडं खसऱ्याची नक्कल आणि समग्र आयडी, तिकडं सातबारा आणि ई-पीक पाहणी. कागदांची नावं वेगळी असली तरी टेबलावरचा कॉम्प्युटर बहुतेक ठिकाणी सारखाच असतो : आठ-दहा वर्षांचा, असेंबल केलेला, ४ जीबी रॅमचा. ब्राउझरच्या पाच खिडक्या, स्कॅनर आणि प्रिंटर एकाच वेळी चालू केले की तो अडतो, आणि बाहेर रांग उभी राहते.

अशा वेळी सल्ला ठरलेला असतो : "रॅम वाढव, पळायला लागेल." सल्ला चुकीचा नाही. पण घाईत आणलेली रॅम कधी खाचेत बसतच नाही, कधी बसूनही कॉम्प्युटर चालू होत नाही, आणि कधी चालू होऊनही जास्तीच्या वेगासाठी मोजलेले पैसे फुकट जातात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी महाग मेमरी बनवण्याकडं सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही मोठ्या कंपन्या वळल्या, त्यामुळं साध्या कॉम्प्युटरच्या वाट्याला येणारा माल कमी झाला. पूर्वी चुकीची पट्टी घेतली तर थोडक्यात भागायचं, आता ती चूक महागात पडते.

रॅम म्हणजे खळं, हार्ड डिस्क म्हणजे कोठी

धान कोठीत कितीही असलं तरी मळणी खळ्यातच होते. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. फोटो, फाइल, प्रोग्रॅम हार्ड डिस्कच्या कोठीत पडून असतात, पण प्रोसेसर काम करतो ते रॅमच्या खळ्यावर. खळं लहान असेल तर थोडं धान आणायचं, मळायचं, परत न्यायचं, पुन्हा दुसरं आणायचं, अशी ने-आण सुरू राहते. रॅम कमी पडली की विंडोज नेमकं हेच करतं. मावत नाही ते हार्ड डिस्कवर टाकतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. कॉम्प्युटर "हँग" झाल्यासारखा वाटतो तो बऱ्याचदा यामुळं.

म्हणून रॅम घेताना दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, खळं किती मोठं, म्हणजे किती जीबी. दुसरी, खळ्यावर माल किती वेगानं येतो-जातो, म्हणजे रॅमचा स्पीड. जागाच कमी असेल तर वेग वाढवून फारसं हाती लागत नाही. ४ जीबीवर अडकलेल्या मशीनला ८ जीबी मिळाले तर फरक लगेच डोळ्यांना दिसतो. २४०० च्या जागी ३२०० ची रॅम लावली तर फॉर्म भरण्याच्या कामात तो कळतही नाही.

आधी पिढी, मग वेग

आज वापरात असलेल्या रॅमला डीडीआर म्हणतात आणि तिच्या पिढ्या आहेत. मापं ठरवणारी जेडेक नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिनं डीडीआर३ चं प्रमाण २००७ मध्ये, डीडीआर४ चं २०१२ मध्ये आणि डीडीआर५ चं २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. यात तडजोड नाही.

कारण फक्त खाचेचं नाही, विजेचंही आहे. डीडीआर२ ला १.८ व्होल्ट लागतात, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. पिनाही बदलतात. डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ पट्टीवर २४० पिना असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ वर २८८. पिनांची संख्या सारखी असली तरी मधली खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी आहे. चुकून दुसरी पट्टी कोणी बसवू नये म्हणूनच ती तशी ठेवली आहे. जोर लावून बसवायचा प्रयत्न केला तर पट्टी किंवा स्लॉट, दोन्हीपैकी एक जातं.

डीडीआर३ मध्ये "एल" अक्षर असलेला एक पोटप्रकार आहे, डीडीआर३एल. तो १.३५ व्होल्टवर चालतो. बहुतेक डीडीआर३एल पट्ट्या १.५ व्होल्टच्या जुन्या बोर्डावरही चालतात. उलट मात्र नेहमी जमत नाही. जिथं १.३५ व्होल्टचीच मागणी आहे, विशेषतः २०१३ नंतरच्या अनेक लॅपटॉपमध्ये, तिथं साधी डीडीआर३ चालत नाही.

वेगाच्या आकड्याचा घोळ

दुकानदार "३२०० मेगाहर्ट्झ" म्हणतो. घरी येऊन सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उघडला की तिथं १६०० च्या आसपास आकडा दिसतो. मग फसवलं की काय, असं वाटतं. तसं नसतं. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माल देणारी मेमरी. ठोके सेकंदाला १६० कोटी, फेऱ्या त्याच्या दुप्पट. म्हणून सीपीयू-झेडमधल्या आकड्याची दुप्पट करायची. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मात्र दुप्पट केलेला आकडाच दिसतो.

पट्टीच्या स्टिकरवर कधी कधी तिसराच आकडा असतो : पीसी३-१२८०० किंवा पीसी४-२१३००. हा सेकंदाला किती मेगाबाइट जाऊ शकतात याचा हिशेब आहे. दर फेरीत ८ बाइट जातात, म्हणून १६०० गुणिले ८ म्हणजे १२८००. त्यामुळं पीसी३-१२८०० म्हणजे डीडीआर३-१६००, पीसी४-१९२०० म्हणजे डीडीआर४-२४००, पीसी४-२१३०० म्हणजे डीडीआर४-२६६६ आणि पीसी४-२५६०० म्हणजे डीडीआर४-३२००. मोठा आकडा पाहून "ही जास्त फास्ट" असं समजण्याआधी तो कोणत्या मापातला आहे, ते पाहावं.

आणखी एक आकडा असतो, सीएल. मागणी केल्यापासून माल हाती यायला किती ठोके लागतात, ते हा आकडा सांगतो. डीडीआर३-१६०० सीएल११ आणि डीडीआर४-३२०० सीएल२२, दोन्हींचा वेळ काढला तर १३.७५ नॅनोसेकंदच येतो. नव्या पिढीत एका वेळी जास्त माल येतो, पण पहिला दाणा हाती पडायला लागणारा वेळ फारसा कमी झालेला नाही. ऑफिसच्या कामासाठी सीएलची चिंता करायचं कारण नाही.

तिघांत जो हळू, त्याच्या चालीनं सगळे

रॅमचा स्पीड एकटी रॅम ठरवत नाही. पट्टी, मदरबोर्ड आणि प्रोसेसर, तिघं मिळून ठरवतात. रॅमवर हुकूम चालवणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असायचा. एएमडीनं २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ पासून आणि इंटेलनं २००८ पासून तो प्रोसेसरच्या आत आणला. त्यामुळं "बोर्डावर ३२०० लिहिलंय" एवढं पुरेसं नाही. प्रोसेसर किती घेतो तेही पाहावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. एच४१० बोर्ड आहे आणि त्यावर दहाव्या पिढीचा आय३-१०१०० आहे. हा प्रोसेसर डीडीआर४-२६६६ पर्यंत घेतो. त्यात ३२०० ची पट्टी लावली तर ती बिघडत नाही, बोर्डही बिघडत नाही. ती मुकाट्यानं २६६६ वर चालते. पट्टीवर एसपीडी नावाची बारीक चिप असते, तिच्यात कमी वेगांची यादीही नोंदलेली असते. बोर्ड सुरू होताना ती वाचतो आणि झेपेल तो वेग निवडतो. म्हणजे जास्त स्पीडची रॅम घेणं धोक्याचं नाही, पण त्यासाठी जास्त पैसे देणं शहाणपणाचं नाही. दोन्हींचा भाव सारखा असेल तर ३२०० खुशाल घ्यावी, पुढं दुसऱ्या मशीनला कामी येईल.

"३६०० एक्सएमपी" किंवा "एक्सपो" लिहिलेली रॅम हा वेगळा प्रकार. इथला आकडा जेडेकच्या प्रमाणापलीकडचा असतो. तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो, आणि बोर्डाची परवानगी लागते. एच६१, एच८१, एच११०, एच४१०, एच६१० अशा स्वस्त बोर्डांवर हा जास्तीचा वेग मिळत नाही. केंद्रांवरचे आणि घरचे बहुतेक कॉम्प्युटर याच जातीचे असतात.

कोणत्या बोर्डावर काय चालतं

बोर्डाचं नाव बोर्डावरच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. सीमाभागात हमखास दिसणाऱ्या मशीनचा हिशेब असा :

- जी३१ बोर्ड, कोअर २ ड्युओच्या काळातले : डीडीआर२, जास्तीत जास्त ४ जीबी. यावर आता खर्च करू नये.
- जी४१ बोर्ड : काहींवर डीडीआर२, काहींवर डीडीआर३. जास्तीत जास्त ८ जीबी. नुसत्या नावावरून कळत नाही, पट्टी काढूनच पाहावी.
- एच६१ बोर्ड, इंटेलची दुसरी-तिसरी पिढी : डीडीआर३. दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर १३३३ पर्यंत, तिसऱ्या पिढीचे बहुतेक १६०० पर्यंत. दोन स्लॉट, १६ जीबीची मर्यादा.
- एच८१ बोर्ड, चौथी पिढी : डीडीआर३-१६०० पर्यंत, दोन स्लॉट, १६ जीबी.
- एच११० बोर्ड, सहावी-सातवी पिढी : बहुतेक डीडीआर४, सहाव्या पिढीला २१३३ आणि सातव्या पिढीला २४०० पर्यंत. पण याच नावानं डीडीआर३ चे बोर्डही विकले गेले आहेत. इथंच जास्त फसगत होते.
- आठवी ते दहावी पिढी : डीडीआर४. आठव्या पिढीचा आय३-८१०० असेल तर २४००, आय५-८४०० असेल तर २६६६.
- बारावी पिढी आणि पुढं : प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही घेतो, पण बोर्ड दोन्हींपैकी एकच घेतो. एच६१० आणि बी६६० बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. डीडीआर४ वाल्याच्या नावात बऱ्याचदा डी४ असतं.
- एएमडी रायझन, एएम४ सॉकेट : डीडीआर४. पहिल्या रायझनला २६६६, २००० मालिकेच्या बहुतेकांना २९३३, ३००० मालिकेच्या बहुतेकांना आणि ५००० मालिकेला ३२००.
- एएमडी एएम५ सॉकेट, २०२२ पासून : फक्त डीडीआर५.

जुनी ठेवून नवी जोडायची असेल तर

४ जीबीची एक पट्टी आहे, दुसरा स्लॉट रिकामा आहे. अशा वेळी शक्यतो तेवढीच, म्हणजे ४ जीबीची, त्याच पिढीची आणि त्याच वेगाची पट्टी घ्यावी. दोन सारख्या पट्ट्या दोन वाटांनी एकाच वेळी माल आणतात. याला ड्युअल चॅनेल म्हणतात. एक डीडीआर४-२४०० पट्टी सेकंदाला १९.२ जीबी आणू शकते, दोन मिळून ३८.४ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला याचा चांगला फायदा होतो, कारण पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून चालतं.

जुनी २४०० आणि नवी ३२०० एकत्र लावली तर दोन्ही २४०० वर चालतात. जुनी ४ आणि नवी ८ जीबी लावली तरी बहुतेक इंटेल बोर्डांवर चालतं : ४ आणि ४ जोडीनं, उरलेले ४ एकट्यानं. १२ जीबी मिळून फॉर्म भरण्याचं काम उत्तम होतं. कंपनी वेगळी असली तरी बहुधा जमतं, पण खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून दुकानातच लावून पाहणं किंवा "नाही चालली तर परत" हे बिलावर लिहून घेणं बरं.

बोर्डावर चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोनच असतील, तर शेजारी-शेजारी लावू नयेत. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या लावायच्या असतात.

स्वस्तातले चार सापळे

पहिला, फक्त एएमडीवर चालणारी डीडीआर३. ऑनलाइन बाजारात ती फार स्वस्त दिसते आणि वर्णनात खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. तिच्यावरच्या चिपची मांडणी वेगळी असते. इंटेलच्या एच६१ किंवा एच८१ वर ती चालत नाही.

दुसरा, सर्व्हरची रॅम. जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या पट्ट्या कमी भावात मिळतात. स्टिकरवर ईसीसी रजिस्टर्ड असेल किंवा आकड्याच्या शेवटी "आर" असेल, तर साध्या डेस्कटॉप बोर्डासाठी ती घेऊ नये.

तिसरा, लॅपटॉपची पट्टी. ती लांबीला जवळपास निम्मी असते. डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये ती बसत नाही. ऑनलाइन फोटोत लांबीचा अंदाज येत नाही, तेव्हा वर्णनात डीआयएमएम आहे की एसओ-डीआयएमएम, ते वाचावं. पहिली डेस्कटॉपची, दुसरी लॅपटॉपची.

चौथा, एकाच स्लॉटला फार मोठी पट्टी. एच६१ आणि एच८१ बोर्ड एका स्लॉटला ८ जीबीच घेतात. १६ जीबीची एकच डीडीआर३ पट्टी त्यांच्यावर चालत नाही. १६ जीबी हवे असतील तर ८ च्या दोन लागतात.

खरंच रॅमच कमी आहे का?

खिशात हात घालण्याआधी पाच मिनिटांची तपासणी करावी. रोजचं सगळं काम उघडून ठेवायचं, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. किती जीबी वापरात आहे, वेग किती आहे, किती स्लॉट भरले आहेत, सगळं तिथं दिसतं. वापर ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढवण्यात अर्थ आहे. वापर ५० टक्के आणि डिस्क मात्र सारखी १०० टक्के दिसत असेल, तर दुखणं दुसरीकडं आहे. तिथं एसएसडी लावणं जास्त गुणाचं. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. सुटे-सुटे छोटे तुकडे वाचताना तर अंतर याहून कितीतरी मोठं असतं.

विंडोज ३२-बिट असेल तर ८ जीबी लावूनही साधारण ३ ते साडेतीन जीबीच वापरात येतात. आधी ६४-बिट विंडोज टाकावं लागतं. हे न पाहता "रॅम खराब दिली" म्हणून दुकानदाराशी भांडणं व्यर्थ आहे.

आणखी एक हिशेब महत्त्वाचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष मिळण्याची सोय आहे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते हे खरं, पण त्यासोबत टीपीएम २.० आणि साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका, किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. एच६१ मध्ये १६ जीबी भरले तरी ते मशीन विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही. लोकांचे आधार, बँक खाते, जमिनीचे कागद ज्या कॉम्प्युटरवर रोज उघडतात, त्याच्या बाबतीत ही गोष्ट वेगापेक्षा मोठी आहे. अशा जुन्या मशीनवर थोडकाच खर्च करून ते मुलांच्या अभ्यासाला किंवा लिनक्सवर वापरायला ठेवावं, आणि केंद्राच्या कामासाठी निदान आठव्या पिढीच्या पुढचं मशीन पाहावं.

बसवताना

कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढायची. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. स्लॉटच्या कडेच्या पकडी उघडायच्या, खाच जुळवायची आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यायचा. "कट" असा आवाज आला आणि पकड आपोआप लागली की पट्टी बसली.

चालू केल्यावर पडदा काळा आणि सारखी बीप वाजत असेल तर घाबरायचं कारण नाही. राइस मिलच्या आणि रस्त्याच्या धुळीनं पिनांवर थर बसलेला असतो. पट्टी काढून सोनेरी पिना खोडरबरानं हलक्या हातानं पुसायच्या, चुरा झटकायचा आणि परत लावायची. तरी नाही झालं तर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहायची. दोष पट्टीचा की स्लॉटचा, ते त्यातून कळतं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून परत लावल्यानंही कधी कधी मार्ग निघतो. डीडीआर५ च्या नव्या बोर्डांवर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागू शकतात. मशीन मेमरीची ओळख करून घेत असतं. मध्येच वीज जाऊ नये म्हणून यूपीएस लावूनच हे काम करावं.

चालू झाल्यावर विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवावं. अर्धवट खराब रॅम लगेच दगा देत नाही, फाइल बिघडवते आणि ऐन गर्दीत निळा पडदा दाखवते.

बिल दोन्हीकडं सारखं, फेरी मात्र नाही

१ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून रॅमवरचा कर बालाघाटलाही तोच आणि गोंदियालाही तोच. त्यामुळं करासाठी सीमा ओलांडण्यात फायदा नाही. भावातला फरक असेल तो दुकानाचा. पण वस्तू बदलून घ्यायची वेळ आली तर पुन्हा तिथंच जावं लागतं. नामांकित कंपन्यांच्या अनेक पट्ट्यांवर दीर्घ मुदतीची वॉरंटी असते, ती पक्क्या बिलावर आणि पट्टीवरच्या स्टिकरवर चालते. स्टिकर खरवडू नये, बिलावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. नागपूरहून कोणी येणार असेल आणि त्याच्याकडून मागवायची असेल, तर फोनवर "८ जीबी रॅम आण" एवढंच सांगू नये.

दुकानात जाण्याआधी

मोबाइलमध्ये चार फोटो काढून न्यावेत : बोर्डाचं छापील नाव, जुन्या पट्टीचा स्टिकर, टास्क मॅनेजरचा मेमरीचा पडदा आणि प्रोसेसरचं नाव. मग विचारायचं ते याच क्रमानं : पिढी कोणती, डेस्कटॉपची की लॅपटॉपची, एका स्लॉटला किती जीबी चालतं, आणि सगळ्यात शेवटी वेग किती. जाहिरातीत हा क्रम उलटा असतो, वेग सगळ्यात मोठ्या अक्षरांत आणि पिढी कोपऱ्यात. फोटो हातात असले की दुकानदाराला अंदाज करावा लागत नाही, आणि पंजीयनाच्या ऐन दिवसांत परतीची फेरीही वाचते.